चित्राचे माप आणि अक्षराचा मान

छापील पान समोर आले की वाचकाची दृष्टी प्रथम चित्राकडे जाते आणि मग मजकुराकडे वळते. मुलांच्या बाबतीत हे सर्वस्वी खरे आहे, आणि मोठी माणसेही या नियमाला फारशी अपवाद नाहीत. असे असून शाळेच्या छपाईत ज्या गोष्टीचा विचार सर्वांत शेवटी होतो ती गोष्ट म्हणजे चित्र. लेख निवडला जातो, त्याचे शुद्धलेखन तपासले जाते, मुद्रिते दोनदा वाचली जातात. आणि अखेरीस उरलेल्या जागेत मावेल अशा बेताने एखादी आकृती संगणकावर कोपरा धरून ओढून, ताणून वा आवळून बसविली जाते. मजकुरातील ऱ्हस्वदीर्घाची चूक आम्हांस खटकते. पण वाटोळ्या वर्तुळाचे अंडे झालेले खटकत नाही. ही अनास्था क्षुल्लक नाही, असे आमचे मत आहे आणि तेच येथे मांडावयाचे आहे.

आरंभीच एक खुलासा केलेला बरा. आम्ही कलाशाखेचे, यंत्रतंत्र हा आमचा प्रांत नव्हे. तथापि छापलेली आकृती मुलाला वाचता येते की नाही, हा प्रश्न यंत्राचा नसून वाचनाचा आहे. आणि वाचन हा तर शिक्षकाचा प्रांत खासच होय. आज शाळेची प्रश्नपत्रिका, स्वाध्यायाची पाने आणि वार्षिक अंक हे सारे संगणकावर जुळविले जाते. पूर्वी जे काम छापखान्यातला जाणता मनुष्य करी ते आता शिक्षकाच्या आणि वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांच्या हाती आले आहे. काम हाती आले, तर त्याची शिस्तही हाती घ्यावयास हवी.

प्रथम ताणलेल्या चित्राचा विचार करू. ६ सेंटिमीटर बाजूचा एक समभुज त्रिकोण घ्या. त्याचा प्रत्येक कोन ६० अंशांचा. पानाची रुंदी भरून काढावी म्हणून जुळणाऱ्याने त्याची उंची तशीच ठेवून रुंदी दीडपट केली. आता तळ ९ सेंटिमीटरांचा झाला. उरलेल्या दोन बाजू सुमारे ६.९ सेंटिमीटरांच्या झाल्या. तळाकडील कोन ६० अंशांवरून सुमारे ४९ अंशांवर आले आणि वरचा कोन सुमारे ८२ अंशांवर गेला. म्हणजे त्रिकोण समभुज राहिलाच नाही. खाली मात्र अक्षरांत लिहिले आहे, ‘शेजारील समभुज त्रिकोण पाहा’. ज्या मुलाला आपण वर्षभर कोनमापकाने मोजावयास शिकविले, त्याने मोजले तर तो गोंधळतो. आणि जो मोजत नाही त्याला काहीच अडचण येत नाही. म्हणजे अशी आकृती प्रामाणिक मुलाला शिक्षा करते आणि बेफिकीर मुलाला सोडून देते. आमच्या पाहण्यात अशी एक प्रश्नपत्रिका आली होती. तिच्यातील आकृतीत काटकोन म्हणून जो कोन दाखविला होता तो उघड्या डोळ्यांनाही काटकोन वाटत नव्हता. एका मुलीने त्या कोनावर विश्वास न ठेवता उत्तर सोडून दिले. चूक तिची होती काय?

गणितात आकृती नेहमीच मापाप्रमाणे काढलेली असते असे नाही, ही गोष्ट आम्ही जाणतो. कित्येकदा मुद्दाम कच्ची आकृती देतात आणि विद्यार्थ्याने दिलेल्या माहितीवरून विचार करावा अशी अपेक्षा ठेवतात. तसे करण्यास हरकत नाही. परंतु मग ‘आकृती मापाप्रमाणे नाही’ एवढे तीन शब्द तिच्याखाली छापावेत. जाणूनबुजून केलेली कच्ची आकृती ही एक रीत आहे; नकळत ताणली गेलेली आकृती हे असत्य आहे.

भूगोलात हा दोष अधिक घातक ठरतो. नकाशाखाली ‘१ सेंटिमीटर बरोबर ५० किलोमीटर’ असे शब्दांत लिहिलेले असते. तो नकाशा जुळणीत अर्ध्यावर आणला की १ सेंटिमीटर आता १०० किलोमीटरांचे झाले. शब्द मात्र ५० वरच अडून बसले. मुलाने पट्टी लावून दोन शहरांतले अंतर काढले तर ते निम्मे येते. याउलट नकाशावर प्रमाणाची रेघ आखून तिच्यावर अंतराचे भाग पाडलेले असतील, तर नकाशा लहान होताना ती रेघही त्याच मानाने लहान होते आणि माप खरे राहते. भूगोलाच्या शिक्षकांना ही गोष्ट नवी नाही. पण नकाशा शिक्षकाच्या हातून जुळणाऱ्याच्या हाती गेला की ती विसरली जाते.

आता आवळलेल्या चित्राकडे वळू. येथे प्रश्न आकाराचा नसून अक्षरांचा आहे, आणि आम्हां मराठी वाचकांना तो इतरांहून अधिक जवळचा आहे. समजा, १२ सेंटिमीटर रुंदीची एक आकृती काढली आणि तिच्यातील भागांची नावे १० पॉइंटांच्या अक्षरांत लिहिली. स्तंभात मावावी म्हणून ती सगळीच्या सगळी ६ सेंटिमीटरांवर आणली. आता नावे ५ पॉइंटांची झाली. म्हणजे अक्षराचा सारा व्याप पावणेदोन मिलिमीटरांच्या घरात आला. रोमन लिपीतील अक्षर इतके लहान झाले तरी बहुधा ओळखू येते, कारण त्याचा बहुतेक देह एका पट्टीत सामावलेला असतो. देवनागरीचे तसे नाही. आमच्या अक्षराचा अर्थ शिरोरेषेच्या वर आणि पायाच्या खालीही वसतो. अनुस्वार हा तर एक ठिपका, रफार ही एक लहानशी आकडी. अक्षर आवळले की पहिला बळी त्यांचा जातो.

आणि ते गेल्याने काय होते? वनस्पतिशास्त्राच्या आकृतीत ‘कंद’ लिहिलेले असते. अनुस्वार पुसला की तेथे ‘कद’ उरते. ‘पर्ण’ या शब्दावरील रफार गेला की ‘पण’ राहतो. भूमितीत काटकोनासमोरील बाजू ‘कर्ण’. तिचा ‘कण’ होतो. मोठ्यांना संदर्भाने शब्द कळतो. जो शब्द मुलाला आजच प्रथम भेटत आहे, तो मात्र त्याच्या मनात तसाच मोडक्या रूपाने जाऊन बसतो. त्यातून मागच्या बाकावरील मंददृष्टीचे मूल असेल, किंवा छापील पानाची छायाप्रत आणि त्या छायाप्रतीची पुन्हा छायाप्रत हाती आली असेल, तर विचारावयासच नको.

मग चित्र लहान करावयाचेच नाही काय? करावयाचे, पण लहान करण्याच्या दोन रीती आहेत आणि त्यांतील भेद ओळखावयाचा. हा भेद आमच्या घरोघरच्या स्त्रियांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. ठिपक्यांची रांगोळी लहान ओट्यावर काढावयाची असली की त्या ठिपके जवळजवळ देतात. मोठे अंगण असले की ठिपक्यांमधले अंतर वाढवितात. पण चिमटीतून सुटणारी रेघ मात्र दोन्ही ठिकाणी तितकीच जाड असते. अंगण दुप्पट झाले म्हणून कोणी मूठभर रांगोळी एका रेघेत ओतीत नाही, आणि ओटा लहान म्हणून केसासारखी रेघ काढीत नाही. अंतरे बदलावी, रेघ बदलू नये. ठिपके सरकवावे, चिमूट तीच ठेवावी. चित्राच्या मापाचे सारे शास्त्र या एका वाक्यात आले.

संगणकावरील जुळणीच्या ज्या पद्धती आज उपलब्ध आहेत त्यांत हा विवेक शिकविणारी एक पद्धती आहे, तिची ओळख विद्यार्थ्यांना करून द्यावीशी वाटते. अमेरिकेतील संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नुथ यांच्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते १९७७ साली त्यांच्या हाती आली. त्यांतील जुळणी पाहून ते इतके असमाधानी झाले की स्वतःच जुळणीची एक पद्धती रचावयास बसले. ‘टेक’ हे तिचे नाव. १९७८ साली तिचे पहिले रूप सिद्ध झाले. तिच्या आवृत्तीचा क्रमांक प्रत्येक सुधारणेबरोबर वर्तुळाचा परीघ आणि व्यास यांच्या गुणोत्तराकडे एकेका अंकाने सरकतो; २०२१ साली तो ३.१४१५९२६५३ झाला. पुढे लेस्ली लॅम्पर्ट यांनी तिच्यावर ‘लाटेक’ ही अधिक सोपी मांडणी उभारली, आणि जर्मनीतील टिल टांटाऊ यांनी तिच्यात आकृत्या काढण्यासाठी ‘टिक्झ’ ही योजना तयार केली. देवनागरीलाही या व्यवस्थेत स्थान मिळाले. हॉलंडातील फ्रान्स व्हेल्टहुइस यांनी १९९१ साली तिच्यासाठी देवनागरीची सोय केली, आणि २००४ सालापासून ‘झीटेक’मुळे आपण नेहमी टंकलिखित करतो ती देवनागरी अक्षरेच तिच्यात थेट घालता येऊ लागली. ही सर्व साधने विनामूल्य मिळतात, हे शाळांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे.

‘टिक्झ’ या नावाची जर्मन भाषेतील फोड अशी की, हे चित्र काढण्याचे साधन नव्हे. यात विनोद आहे, पण अर्थही आहे. येथे चित्र हाताने ओढून काढावयाचे नसते. ते शब्दांनी आणि अंकांनी सांगावयाचे असते. या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत रेषा, येथे २ सेंटिमीटर त्रिज्येचे वर्तुळ, या टोकापाशी अमुक नाव, असे लिहून दिले की यंत्र त्याप्रमाणे आकृती उभी करते. वेगळे काही न सांगितल्यास एक एकक म्हणजे १ सेंटिमीटर आणि रेषेची जाडी ०.४ पॉइंट, म्हणजे सुमारे ०.१४ मिलिमीटर, असे ते धरून चालते. ‘जाड’ म्हटले तर ०.८ पॉइंट, ‘फार जाड’ म्हटले तर १.२ पॉइंट. आलेखासाठी आडवे आणि उभे एकक निरनिराळे ठरविण्याचीही मुभा आहे.

आता यातील खरी मेख पाहा. अशा आकृतीला ‘प्रमाण अर्धे कर’ असे सांगितले की बिंदूंमधली अंतरे निम्मी होतात. परंतु रेषेची जाडी आणि नावांची अक्षरे होती तशीच राहतात. ठिपके सरकले, चिमूट तीच राहिली! पुष्कळ नवशिक्यांना याचा अचंबा वाटतो. चित्र लहान झाले, पण नावे मोठीच राहून एकमेकांवर चढली, ही तर यंत्राची चूक, असे त्यांस वाटते. मग ते अक्षरेही आकाराबरोबर आवळण्याची दुसरी आज्ञा शोधतात. तशी आज्ञा आहेही. किंवा सबंध चित्र एका चौकटीत घालून ती चौकटच दाबून लहान करता येते. ती आज्ञा सापडली की प्रश्न सुटला असे मानून लोक मोकळे होतात.

आमचे मत याच्या उलट आहे. नावे एकमेकांवर चढली हा यंत्राचा दोष नव्हे, तो इशारा होय. या जागेत इतकी नावे मावत नाहीत, हे ते आपणांस प्रामाणिकपणे सांगत आहे. अशा वेळी तीन उपाय आहेत. आकृतीला अधिक जागा द्यावी. नावांऐवजी आकडे घालून नावांची यादी खाली द्यावी. अथवा आकृतीतील अनावश्यक तपशील वगळावा. चौथा उपाय म्हणजे अक्षरे आवळणे. त्याने गर्दी नाहीशी होत नाही, ती केवळ दिसेनाशी होते. जी अडचण छापणाऱ्याने सोसावयाची ती तो वाचकाच्या डोळ्यांवर ढकलून देतो. अर्थात काही वेळा सारेच लहान करणे योग्य असते. एखाद्या जुन्या पत्राची प्रतिकृती, शाळेचे बोधचिन्ह, एका सबंध पानाचा नमुना यांत अक्षर हे वाचण्यासाठी नसून पाहण्यासाठी असते. अक्षर वाचावयाचे की पाहावयाचे, हा प्रश्न आधी विचारावा आणि मग आज्ञा द्यावी.

जुन्या मुद्रकांना हे सारे अवगत होते. शिळाछापाच्या काळात अक्षर आणि चित्र एकाच दगडावर, बहुधा एकाच हाताने उमटत असे. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली शिळाछापावर मराठी पंचांग छापले. अशा छपाईत मजकुराची रेघ आणि आकृतीची रेघ सहजच एका जातीची राही. पुढे खिळ्यांची छपाई रुळली तेव्हा दोहोंची फारकत झाली. मजकूर जुळाऱ्याने खिळ्यांनी जुळवावयाचा आणि चित्राचा ठसा जस्ताच्या पत्र्यावर निराळा करवून, लाकडावर ठोकून, खिळ्यांच्या उंचीस आणून बसवावयाचा. चित्रकार मूळ चित्र मोठे काढी. कॅमेऱ्याने ते लहान होई. म्हणून जाणता चित्रकार ठसा किती इंचांचा होणार हे आधी विचारी, आणि त्या मानाने रेघा जाड व अक्षरे मोठी काढी. ठसा एकदा झाला की तो ओढून मोठा करता येत नसे. चुकला तर पुन्हा पैसे मोजावे लागत. आज ओढणे फुकट झाले आहे, आणि फुकट झाले म्हणून विचारही थांबला आहे.

आणखी एक गोष्ट या पद्धतीत आहे, ती आम्हांस सर्वांत मोलाची वाटते. रेषा किती जाड, नावे कोणत्या मापाची, बाणाचे टोक कसे, लपलेली कड तुटक रेषेने दाखवावी की ठिपक्यांनी, हे सारे प्रत्येक चित्रापाशी पुनःपुन्हा ठरवावयाचे नसते. ते ग्रंथाच्या आरंभी एकदाच लिहून ठेवता येते. चाळीस आकृत्या छापावयाच्या असोत की चार, सर्व त्या एका ठरावाप्रमाणे चालतात. उद्या रेघ पुसट वाटली तर एका जागी एक अंक बदलला की चाळीसही आकृत्या सुधारतात. एखाद्या चित्राला काही कारणाने वेगळी वागणूक हवी असेल तर तीही देता येते. पण मग तो अपवाद आहे हे लिहिणाऱ्यास ठाऊक असते. शुद्धलेखनाचे नियम आपण प्रत्येक वाक्यापाशी नव्याने करीत नाही. चित्रांचेही एक शुद्धलेखन असावे, एवढेच आमचे म्हणणे.

या एका जागी ठरविण्याच्या रीतीचा भव्य दाखला भोपाळच्या मुलांना सहलीच्या अंतरावर पाहावयास मिळतो. बेतवेच्या काठी भोजपूर येथे अकराव्या शतकातील राजा भोजाच्या नावाशी निगडित असे अपुरे राहिलेले शिवमंदिर आहे. त्याच्या भोवतालच्या खडकांवर मंदिराच्या भागांच्या रेखाकृती कोरलेल्या आहेत. तलविन्यास, खांब, शिखराचे घाट यांच्या रेषा आजही तेथे दिसतात. मुलांनी त्या अवश्य पाहाव्या. जेथे दगड घडवावयाचा तेथेच खडकावर आकृती आखलेली असली की सर्व कारागिरांना माप एकाच ठिकाणाहून घेता येते. मंदिर पुरे झाले नाही, पण त्याच्या आकृत्या शतकानुशतके टिकल्या.

त्याच परिसरातील भीमबेटकाचा उल्लेखही येथे अस्थानी होणार नाही. तेथील शैलाश्रयांतील प्राचीन चित्रे विष्णु श्रीधर वाकणकर या मराठी विद्वानाने १९५७ साली उजेडात आणली. २००३ साली त्या स्थळाला जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. वाकणकर स्वतः चित्रकार होते. खडकावरील चित्र पुस्तकात छापताना त्याच्याशेजारी मापाची रेघ नसेल, तर तो बैल वितीएवढा की पुरुषभर उंचीचा, हे वाचकाला कळावयास मार्ग नाही. चित्र सुंदर छापले, पण ज्ञान अर्धेच पोहोचले.

आता ज्या मुद्द्यासाठी हा विषय आम्ही मुख्यतः हाती घेतला, त्याकडे येतो. भोपाळच्या कोटरा सुल्तानाबादसारख्या वसाहतीत वाढणाऱ्या मराठी मुलाला उंबरठा ओलांडताच हिंदी भेटते. दुकानाची पाटी हिंदी, बसची पाटी हिंदी, मित्रांची बोली हिंदी. त्यात वाईट काही नाही. हिंदी ही आपल्या शेजाऱ्यांची आणि स्नेह्यांची भाषा आहे. परंतु आमच्या पानांवर ज्या आकृत्या येतात त्या बहुधा तयार उचललेल्या असतात, आणि त्यांच्यावरील नावे चित्रातच भाजलेली असतात. ती बदलता येत नाहीत. मग मजकुरात ‘काटकोन त्रिकोण’ आणि चित्रावर ‘समकोण त्रिभुज’. मजकुरात ‘वर्तुळ’ आणि चित्रावर ‘वृत्त’. मजकुरात ‘जठर’ आणि चित्रावर ‘आमाशय’. झाडाच्या चित्रात मुळांपाशी हिंदीतला ‘जड’ हा शब्द असतो. मराठी मूल त्याचा अर्थ ‘वजनदार’ असा घेते आणि मुळे वजनदार का असावीत याचा विचार करीत बसते! लिपी एकच असल्यामुळे ही सरमिसळ मोठ्यांच्या नजरेसही चटकन येत नाही. हळूहळू मराठी शब्द केवळ परिच्छेदात उरतो आणि चित्रातून नाहीसा होतो. आणि मुलाला आठवते ते चित्र.

सांगून काढलेल्या आकृतीत ही अडचण राहत नाही. नाव हे तेथे वेगळे लिहिलेले असते. ‘जड’ पुसून ‘मूळ’ लिहिले की झाले. रेषा तीच, माप तेच, शब्द आपला. एकच आकृती मराठी पानावर मराठी बोलेल आणि शेजारच्या हिंदी शाळेच्या पानावर हिंदी बोलेल. ज्यांना दोघांच्या पुस्तकांची देवघेव व्हावी असे वाटते त्यांना यापरती चांगली सोय कोणती?

साधनाच्या अभावी भाषेला किती माघार घ्यावी लागते, याचे उदाहरण आमच्या कोंकणच्या बाजूचे आहे. आमची घरची बोली कोंकणी. म्हणून ते आम्हांस अधिक जाणवते. भारतातील पहिला छापखाना १५५६ साली गोव्यात आला. फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठीत रचलेले ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली राचोल येथे छापले गेले. पण ते देवनागरीत नव्हे, रोमन लिपीत. कारण आपल्या लिपीचे खिळे तेथे नव्हते. मराठी भाषेचा इतका अभिमानी कवी, आणि त्याच्या ओव्यांना परक्या लिपीचा अंगरखा घालावा लागला. त्या काळी उपाय नव्हता. आज उपाय हाताशी आहे, फुकट आहे, आणि तरी आमच्या आकृत्या परक्या शब्दांचा अंगरखा घालून फिरत असतील, तर त्याला निरुपाय म्हणता येणार नाही. त्याला आळस असेच म्हणावे लागेल.

यावर आक्षेप येतील, त्यांचाही विचार केला पाहिजे. कोणी म्हणतील, शिक्षकांना आधीच वेळ नाही; कोपरा धरून ओढणे क्षणाचे काम, हे लिहून काढणे तासाचे. पहिल्या आकृतीपुरते हे खरे आहे. परंतु भूमितीच्या आकृत्या दरवर्षी त्याच लागतात. एकदा सांगून ठेवलेला त्रिकोण पुढच्या वर्षी केवळ अंक बदलून वापरता येतो. ओढून बसविलेले चित्र दरवर्षी नव्याने ओढावे लागते. दुसरा आक्षेप चित्रकलेच्या बाजूने येईल की असल्या मोजमापाने चित्रातील जीव जाईल. त्यांना आमचे नम्र उत्तर असे की, अंकाच्या मुखपृष्ठावरील चित्र, एखाद्या मुलीने रेखाटलेले तलावाचे दृश्य, यांना हे नियम लावावयाचेच नाहीत. तेथे हाताचे कंपनही सौंदर्य असते. नियम हवेत ते ज्ञान देणाऱ्या आकृतीला. हाताने काढलेली आकृतीही नेमकी आणि गोड असू शकते, याची साक्ष याच शहरात आहे. १९८२ साली भोपाळात स्थापन झालेल्या ‘एकलव्य’ संस्थेने १९८५ सालापासून ‘चकमक’ हे मुलांचे हिंदी मासिक काढले. मुलांसाठी चित्र म्हणजे उरलेल्या जागेची भर नव्हे, ही जाणीव त्याच्या पानांतून दिसते. साधन कोणते, हा प्रश्न दुय्यम, जाणीव मुख्य.

तेव्हा आमची सूचना अशी आहे. प्रत्येक शाळेने, निदान आमच्या शाळेने, आपल्या छपाईसाठी चित्रांचे एक मापपत्रक करावे. ते एका पानाहून मोठे असण्याचे कारण नाही. त्यात आधी स्तंभाची रुंदी लिहावी आणि आकृती त्या रुंदीसाठीच काढावी, मागाहून ओढू नये. आकृतीतील नावे मजकुराच्या अक्षराहून फार तर एक-दोन पॉइंट लहान असावी, त्याखाली जाऊ नयेत. रेषांच्या जाड्या तीनच असाव्या: एक मुख्य आकारासाठी, एक साहाय्यक रेषांसाठी आणि एक ज्या भागाकडे लक्ष वेधावयाचे त्यासाठी. तांबड्या-हिरव्या रंगांवर भिस्त ठेवू नये, कारण एकरंगी छायाप्रतीत दोन्ही सारखेच काळसर दिसतात. सलग, तुटक आणि ठिपक्यांची रेषा यांनी भेद दाखवावा. नकाशाला प्रमाणाची रेघ असावी. कच्ची आकृती असेल तर तसे तिच्याखाली लिहावे. आणि नावे आमच्या मजकुरातील शब्दांशी जुळतात की नाही, हे मुद्रिते वाचणाऱ्यानेच तपासावे. कारण चित्रातील शब्द हाही शब्दच आहे.

हे काम वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनी अंगावर घ्यावे असे आम्हांस वाटते. दहा आकृत्या अशा रीतीने काढताना निर्देशक, प्रमाण, कोन यांचा जो सराव होईल तो केवळ परीक्षेपुरता राहणार नाही. अभियांत्रिकीचे शिक्षण घेणारे आमचे माजी विद्यार्थी सुटीत शाळेत येतात. प्रबंध लिहिताना त्यांच्यापैकी कित्येकांना याच पद्धतीशी गाठ घालावी लागते. त्यांनी दोन-चार दुपारी धाकट्यांबरोबर बसून ही वाट दाखवावी. पालकांनीही पुढच्या अंकाचे पान उघडले म्हणजे केवळ आपल्या पाल्याचे नाव न शोधता, शेजारच्या आकृतीतील सर्वांत लहान शब्द चष्म्याशिवाय वाचून पाहावा, आणि वाचता आला नाही तर आम्हांस निःसंकोच कळवावे. तो शब्द वाचता यावा, तो आपल्या भाषेतला असावा, आणि ज्या रेषेकडे तो बोट दाखवितो ती रेषा खरी असावी, एवढ्या तीन गोष्टी साधल्या तर अंकाच्या छपाईवर वेचलेले श्रम सत्कारणी लागले असे आम्ही समजू.